श्री शिल्लक

थ्रेलबाईंनी गालिचा दुमडला
आणि खाली फरशीत तो होता,
पितळेचा, उताणा, साडेपाचशे वर्षं.
ॲशलीचच्या या चर्चमध्ये दुसरं बघण्यासारखं काही नाही, म्हणाल्या.
चपला राहू द्या पायांत.
मी काढल्याच होत्या.
देवासाठी नव्हे.
पेढीवर चपला घालून चढायचं नसतं,
हे बार्शीच्या अडत दुकानात शिकलेले पाय.

सरदारांच्या पायाशी सिंह असतो,
सरदारणींच्या पायाशी घुंगरू बांधलेलं कुत्रं.
याचा एक पाय मेंढीवर
आणि दुसरा लोकरीच्या गोणीवर.
घराण्याचं चिन्ह हवं तिथं
गोणीवरची खूण: एक उभी रेघ, दोन फाटे, खाली डब्ल्यू,
वाचता न येणाऱ्या हमालालाही ओळखू यावी अशी.

वॉरिन सेल्डन.
बाप मेंढपाळ, तोही दुसऱ्याच्या मेंढ्यांचा.
वर गढीत सर ॲमरी.
त्यांच्याकडे जमीन, तलवार, आणि आजोबांचे आजोबा.
याच्याकडे तारखा होत्या:
कॅलेच्या बंदरात कोण कधी किती देणार
आणि कोण देणार नाही.

सर ॲमरी पहिल्यांदा आले ते मागच्या दाराने, रात्री,
फ्रान्सच्या लढाईला घोडे हवेत म्हणून.
उभ्यानेच बोलले. वॉरिनही उभा.
दुसऱ्यांदा बसले.
तिसऱ्यांदा ते आत आले तेव्हा
वॉरिन उठला नाही.

शाळेत एक धडा होता, व्यापारी वर्गाचा उदय.
पाच गुणांचा प्रश्न हमखास.
मला वाटायचं, उदय म्हणजे सूर्याचा असतो तसा काहीतरी,
कोंबडा वगैरे.
एक माणूस खुर्चीतून उठत नाही,
एवढंच असेल असं वाटलं नव्हतं.

आणि उठल्या त्या टेकडीपलीकडच्या सतरा चुली.
कुरणाला माणसं लागत नाहीत,
एक पोरगा नि एक कुत्रा पुरतो.
थ्रेलबाई म्हणाल्या, संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की
गवताखाली घरांचे चौकोन दिसतात.
त्या रोज तिथं कुत्र्याला फिरवतात.

शेजारी बायको, ॲव्हिस, हात जोडून.
नवरा गेल्यावर अकरा वर्षं गोण्या हिनं पाठवल्या,
कर्ज हिनं वसूल केलं,
सर ॲमरीच्या नातवाला दारात हिनं उभं केलं.
पायाखाली मात्र काही नाही.
नुसती झगऱ्याची चुणी.

मृत्युपत्रात वॉरिनने लिहिलं होतं:
जी देणी द्यायची विसरलो असेन
त्यांच्यापोटी चर्चला वीस शिलिंग.
विसरला म्हणे!
खतावणी मुखोद्गत असलेला माणूस
काय विसरला हे पैन् पै जाणून असणार.
दादाही दर पाडव्याला नव्या वहीत
‘श्री शिल्लक’ लिहिण्याआधी
जुनी वही क्षणभर मांडीवर धरत.
काय आठवत, कधी बोलले नाहीत.
वही मिटली की गंगाराम हमालाच्या बायकोला
तुरीचं अर्धं पोतं जायचं,
नावे न टाकता.

मी ग्लॉस्टरमध्ये दुसऱ्यांचे पगार काढते.
पत म्हणजे आता एक आकडा, मोबाइलवर दिसतो,
घरभाडं दोन दिवस चुकलं की घसरतो.
दादांची पत रुमालाखाली असायची.
भरल्या बाजारात दोन माणसं रुमाल टाकून
एकमेकांची बोटं दाबत,
चेहरे दगडाचे,
आणि पोत्यांची थप्पी या मालकाची त्याची व्हायची.
कागद नंतर, झालाच तर.

छपराच्या शिशासाठी मदतपेटी आहे, कार्ड टेकवायची.
तीन पौंड टेकवले. टुंग वाजलं.

पायांनी झिजून वॉरिनचा चेहरा गेलाय.
खूण शाबूत.

थ्रेलबाईंनी गालिचा परत ओढला
तेव्हा माझा हात अजून फरशीवर होता.
कापडाखाली त्याची गार बोटं लागली.
दोन? तीन?
मी दाबून पाहिली.
त्याने भाव सांगितला असेल,
मला कळला नाही.